आधी लिंग, मग उंची

प्रिय बाबा,

फोन तुम्ही उचलत नाही. चुकून उचललात तर आईला देतो म्हणून हात झटकून मोकळे होता. म्हणून कागद घेऊन बसले आहे. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही ही तुमची जुनी खोड. किराणा बांधून आलेला कागदही तुम्ही उलगडून वाचता, तेव्हा हाही वाचालच. चष्म्यासाठी आईवर डाफरू नका, तो कपाळावर असेल. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना उगाच वाट बघायला नको. हे माफीचं पत्र नाही. विभागाच्या त्या बैठकीत मी जे बोलले त्यातला एक शब्द मागे घेणार नाही, केलेली सही खोडणार नाही, आणि तुम्ही फुरंगटून बसलात म्हणून माझं मत तसूभरही हलणार नाही. हा हट्टीपणा कुणाकडून आला ते आईला विचारा, ती बसल्या जागेवरून बोट दाखवेल.

प्रकरण तुम्हाला पाठ आहे. तरी मी ते पहिल्यापासून सांगणार आहे, कारण बैठकीत तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीत. शहराबाहेरच्या बंद दगडखाणीत भराव घालायचं काम सुरू झालं आणि खोदाईच्या यंत्राबरोबर माणसाची हाडं वर आली. कुत्र्यांनी आधीच जे उचलायचं ते उचललं होतं, उरलेल्याची यंत्राने वाट लावली. कवटी नाही, कंबरेची हाडं नाहीत, मांडीचं हाड नाही. म्हणजे बाई की बाप्या, उंच की बुटकं हे सांगायला आपण ज्या हाडांकडे धावतो त्यातलं एकही नाही. गळ्याभोवती एक कुजलेलं फडकं होतं, त्याच्या गाठीमुळे मानेचे सातही मणके तेवढे एकत्र राहिले. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याने, ज्यांना अख्खा विभाग पाठीमागे होयबा म्हणतो, ते मणके मोजले, तुमच्या सूत्रात घातले आणि उत्तर आलं: पुरुष. पुरुष ठरल्यावर पुरुषांच्या सूत्राने उंची काढली, ती पाच फूट आठ इंच. सल्लागार म्हणून खाली तुमची सही. पेटीला चिठ्ठी लागली, पेटी पुरुषांच्या मांडणीत गेली, आणि पोलिसांनी बेपत्ता पुरुषांची नावं चाळायला घेतली.

आधी लिंग, मग उंची. हे वाक्य मी पाढ्यांच्याही आधी पाठ केलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही मणके मांडायचात आणि आई ताटं हातात धरून उभी राहायची, की आता जिवंत माणसांची पाळी कधी. धाकटी किंचाळत पळून जायची. मी मात्र खुर्चीवर गुडघे टेकून, डोळे मिटून बसायचे आणि तुम्ही एकेक मणका माझ्या तळहातावर ठेवायचात. पहिला कड्यासारखा, मधे मोकळा, म्हणून लगेच कळायचा. दुसऱ्याला वर सुळका. त्या सुळक्याभोवती पहिला मणका फिरतो म्हणून आपल्याला नाही म्हणताना मान हलवता येते, हे तुम्हीच सांगितलं होतंत. मी त्याला नाही म्हणायचं हाड म्हणायचे आणि तुम्ही ते वर्गात सांगून हशा मिळवायचात. या धंद्यात मला तुम्ही आणलंत, बोटांनी बघायला तुम्ही शिकवलंत. ते मी विसरले असते तर गोष्ट वेगळी. विसरले नाही म्हणून तर बैठकीत तुम्ही सगळ्यांदेखत मला हाडांपेक्षा माणसांचा पुळका आहे म्हणालात, ते इतकं लागलं.

बायकांच्या आणि पुरुषांच्या उंचीचं गणित वेगळं, म्हणून आधी बाई की बाप्या ते ठरवायचं आणि मगच उंचीला हात घालायचा. शिस्त चांगली आहे, मीही मुलांना तीच शिकवते. पण पहिलं पाऊल चुकलं की दुसरं आपोआप चुकतं, आणि वर ती दोन्ही चुकलेली उत्तरं एकमेकांची साक्ष देत उभी राहतात. पुरुष म्हणून उंची एवढी आली, आणि एवढी उंची आहे म्हणजे पुरुषच असणार. कागदावर सगळं कसं छान जुळून आल्यासारखं दिसतं. होयबांच्या अहवालात कुठे शंकेला जागा नव्हती, ती यामुळे. तुम्हीही तो अहवाल चहा पिता पिता वाचून सही केली असणार, तुमची ती सवय मला माहीत आहे.

मग ती बाई आली. गोदामात फाटकी पोती शिवते. तिची मुलगी त्याच गोदामात पोती वाहायची, डोक्यावरून, पुरुषांच्या बरोबरीने. तिकडे सगळे तिला खांब म्हणायचे. एका सकाळी कामावर निघाली ती पोचलीच नाही. खाणीत हाडं सापडल्याचं कानावर आलं तशी ही तिची आई आमच्या दारात हजर. कारकुनाने चिठ्ठी वाचून सांगितलं की बाप्याची हाडं आहेत, तुमच्या मुलीची नव्हेत. ती गेली आणि काही दिवसांनी परत आली. मग येतच राहिली. बाकावर बसायची, हातातल्या पिशवीची गाठ सोडायची, परत बांधायची. होयबा तिला बघून मागच्या दाराने जायला लागले. मी एकदा तिच्याशेजारी जाऊन बसले, माझा गुन्हा काय तो एवढाच. मुलगी किती उंच होती विचारलं तर ती उठली, मलाही उठवलं, आणि टाचा उंचावून हात माझ्या कानाच्या पाळीशी आणून थांबली. पाच फूट आठ नव्हे, बाबा. पाच-पाच, फार तर पाच-सहा.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला बैठकीत ऐकायची नव्हती. खाणीतली हाडं पुरुषाची आहेत असं आपण लिहून दिल्यावर पोलिसांनी तिच्या मुलीचा नाद सोडला. सज्ञान मुलगी आहे, गेली असेल कुणाबरोबर, असं त्या आईला तोंडावर ऐकवलं. हे गल्लीत पोचायला कितीसा वेळ लागतो? नळावर कुजबुज सुरू झाली की खांब पळून गेली. कुणी म्हणे ट्रकवाल्याबरोबर, कुणी म्हणे मुकादमाबरोबर. जो तो आपापल्या अकलेप्रमाणे जोडी जुळवत होता. सख्ख्या भावाने बजावलं की तिचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. आई एकटी सगळ्यांना सांगत राहिली की माझी पोर अशी न सांगता जाणारी नाही, तिला काहीतरी झालंय. आणि लोक तिला उलट सांगायचे की बाई, ती हाडं तिची नाहीत असं सरकारी कागदावर आहे, आता तरी गप्प बस. तो कागद आपला होता, बाबा. त्या बाईला मुलगी हवी होती, जिवंत नाही तर नाही, पण तिच्या नावासकट. आणि तिच्या वाटेत आपला कागद आडवा पडला होता.

मी पेटी उघडली. उपप्रमुख म्हणून मला तो अधिकार आहे. होयबांना विचारलं नाही, कारण त्यांनी तुम्हाला विचारलं असतं. खालचे मणके हातात घेतल्याबरोबर बोट अडखळलं. कडेला हाड वाढलेलं होतं, मेणबत्तीचं मेण ओघळून थिजतं तसं. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाहिलं की मणक्यांना अशा कडा फुटतात, तरण्याताठ्या माणसाच्याही. आता तुमच्या लेखी सूचनेत काय म्हटलंय? रुंदी घेताना मणका जिथे सगळ्यात रुंद तिथे कॅलिपर लावावा. होयबांनी तो इमानेइतबारे तिथेच लावला, वाढलेल्या कडेवर. त्यांनी मणका मोजलाच नाही, तिने वाहिलेली पोती मोजली. ती कड सोडून मूळ हाड मोजलं तर आकडा चांगलाच खाली येतो. बाईच्या बाजूला स्पष्ट जात नाही, पुरुषाच्याही जात नाही. मधल्या पट्ट्यात पडतो, जिथे दोघांचीही हाडं सारखीच सापडतात. मी फिरफिरून मोजलं. मग कुणाची हाडं आहेत ते न सांगता मुलांकडून मोजून घेतलं. सगळ्यांचे आकडे त्याच पट्ट्यात.

बायकांच्या सूत्राने उंची काढली तर ती बरोबर माझ्या कानाच्या पाळीपाशी येते. मी माणसांच्या पुळक्याने वाहवत गेले असते तर तेवढंच लिहून मोकळी झाले असते, की ही बाई आहे आणि ती याच आईची मुलगी आहे. मी तसं लिहिलं नाही. तसं लिहायचं तर आधी ती बाई आहे असं धरून चालावं लागलं असतं, आणि मग माझ्यात आणि होयबांमध्ये फरक काय उरला? मी लिहिलं की या मणक्यांवरून लिंग निश्चित सांगता येत नाही. उंची दोन्ही तऱ्हांनी काढून दिली आणि प्रत्येकीत मागेपुढे किती चूक होऊ शकते तेही दिलं. ती चूक काही थोडीथोडकी नाही, मान बघून उंची सांगणं हे तळमजला बघून इमारतीचे मजले सांगण्यासारखंच आहे. शेवटी लिहिलं की डीएनए तपासावा आणि बेपत्ता बायकांच्या नातेवाइकांचेही नमुने घ्यावेत. एवढ्यावरून तुम्हाला मिरच्या झोंबल्या.

अनिश्चित हा शब्द तुम्ही विभागातून हद्दपार केला होता. तुमच्या मते अनिश्चित म्हणजे आळस. पोलिसांना उत्तर हवं असतं, न्यायाधीशांना हवं असतं, आणि आपण डोकं खाजवत बसलो तर उद्या आपल्याला कुत्रं विचारणार नाही. ऐकायला फार बाणेदार वाटतं. मलाही कितीतरी वर्षं वाटायचं. पण ते सूत्र कशातून निघालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये तुमच्या हाताखाली विभागातल्या हाडांच्या संग्रहातल्या पेट्या मीच पुसायचे. पुरुषांच्या पेट्या भिंतभर, त्यांत गवंडी होते, ड्रायव्हर होते, बंदरावरचे हमाल होते, नाना तऱ्हेचे. बायकांच्या पेट्यांचं एक कोपऱ्यातलं कपाट. आणि त्यांत बहुतेक सगळ्या धर्मादाय वॉर्डातल्या बेवारस म्हाताऱ्या, अर्धपोटी राहून आणि आजारात झिजून गेलेल्या. हाडं हातात घेतली तर वजन लागायचं नाही. बाई म्हणजे काय हे तुमच्या सूत्राला या म्हाताऱ्यांनी शिकवलं. पोती वाहणारी एक धडधाकट बाई त्या कपाटात नव्हती. मग अशी बाई समोर आल्यावर सूत्र तिला पुरुष म्हणणार नाही तर काय म्हणणार? मी सूत्राला नावं ठेवत नाही. जी हाडं मिळाली त्यांच्यावर तुम्ही जिवापाड मेहनत केलीत, आई सांगते त्या काळात तुम्हाला मी कितवीत आहे ते आठवायचं नाही. पण हे सूत्र कुणाकुणाला ओळखत नाही, हे तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत. राग आहे तो त्याचा.

आणि ते तुम्हाला ठाऊक नव्हतं असं तर म्हणूच नका. आपलं घर आठवा. तुमची आई दारातून वाकून आत यायची. आत्याला शिवायला टाकलेलं कापड कायम कमी पडायचं आणि शिंप्याशी भांडायला तुम्हाला जावं लागायचं. मला तर सगळे शिडीच म्हणायचे. माळ्यावरचं काही काढायचं झालं की घरभर शिडीच्या नावाने हाका. मी स्कूटरवरून पडले होते ते आठवतंय? मानेला पट्टा लावून घरात बसले होते, वेळ जाता जाईना, म्हणून एक्स-रेवरून माझे स्वतःचेच मणके मोजले आणि तुमच्या सूत्रात घातले. उत्तर आलं पुरुष, उंची सहा फुटांच्या वर. तुमची हसून हसून मुरकुंडी वळली. धाकटी मला दिवसभर दादा म्हणत होती. आई म्हणाली की दादा झालीच आहेस तर गॅसची टाकी तेवढी आत आण. मीही हसले, मान दुखेपर्यंत. मग तुम्ही डोळे पुसत म्हणालात की अपवाद सगळीकडे असतात. बाबा, मी जिवंत होते आणि तुमच्यासमोर बसले होते, म्हणून मी अपवाद होते. मेले असते आणि माझी नुसती मान सापडली असती तर मी पुरुषांच्या मांडणीत गेले असते. तुम्ही माझ्या पेटीवर सही करून घरी जेवायला आला असतात, आणि बाकावर पिशवीची गाठ सोडत बांधत आपली आई बसली असती.

हेच मी बैठकीत सांगायला उठले होते. एक्स-रेपर्यंत पोचलेही नाही. तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात की मुली, खाली बस. आपल्या घरात नव्हतो आपण, बाबा. मी तिथे उपप्रमुख होते, समोर पोलीस अधिकारी होते, माझे विद्यार्थी होते, आणि होयबा घड्याळाच्या लंबकासारखे मान डोलवत होते. मी बसले नाही. मी म्हटलं की हाडं बोलतात असं सर नेहमी सांगतात, ते खरं नाही. हाडं गप्प असतात. बोलतो आपण, आणि आपलं बोलणं त्यांच्या नावावर खपवतो. तुमचा चेहरा पडला तो मला दिसला, मी आंधळी नाही. काकांचा लगेच फोन आला की भरल्या सभेत लेकीने बापाला असं बोलायचं नसतं. त्यांना माझा निरोप द्या, भरल्या सभेत बापानेही पन्नाशीच्या लेकीला खाली बस म्हणायचं नसतं.

पुढचं तुम्हाला होयबांकडून कळलंच असेल, पण ते तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून माझ्याकडूनही ऐका. माझं टेबल खिडकीपासून उचलून काचसामानाच्या खोलीत टाकलं गेलं. शिकवायचे तास काढून घेतले. त्यांना वाटलं मी रडतखडत तुमच्याकडे येईन. मुलं आता त्या खोलीत येतात, पालथ्या बादल्यांवर बसतात, आणि खरं सांगायचं तर तिथे शिकवणं जास्त रंगतं, कारण हजेरीसाठी कुणी येत नाही. तुम्ही डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या संचालिकेला फोन करून नमुना परत पाठवायला सांगितलंत हेही माझ्या कानावर आलं. त्या तुमच्या विद्यार्थिनी नव्हत्या, म्हणून बचावलो. माझ्या जन्मदात्याने माझ्या पाठीमागे हे करावं, याचं मला वाईट वाटलं. चिडले नाही, वाईट वाटलं. त्या दिवशी मी मुलांना सुट्टी देऊन नुसती बसून राहिले.

घरची खबरबात मला आईकडून मिळते. तुम्ही ताटावर बसून एक शब्द बोलत नाही म्हणे, आणि गच्चीवर हात मागे बांधून फेऱ्या मारता. मी पाठवलेल्या गोळ्या घेता, पण कुणी पाठवल्या ते विचारत नाही. आई म्हणते दोघांच्या मधे तिचं भरीत झालंय. तिला त्रास देऊ नका, भांडण तुमचं आणि माझं आहे. धाकटीची लेक परवा माझ्याजवळ येऊन उभी राहिली तर माझ्या खांद्याला लागली, आणि अजून तिची शाळा संपायची आहे. वर्गातली मुलं चिडवतात म्हणून खांदे पाडून चालायला लागली होती. मी तिला भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं की ताठ उभी राहा, आपल्या घरात बायका अशाच असतात. तिला मणके शिकवायचं तुम्ही कबूल केलं होतंत. ती विचारत होती की आजोबा माझ्यावरही रागावलेत का.

निकाल आलाय. तो होयबांनी तुम्हाला कळवला नसणार, कारण असल्या बातम्या ते कुणालाच कळवत नाहीत. ती तिचीच मुलगी आहे. शंकेला जागा नाही, आणि या वेळी हे मी अगदी मोजून मापून म्हणते आहे. मी त्या बाईला खोलीत बोलावून सांगितलं. तिने मला पुन्हा सांगायला लावलं, मग आणखी एकदा. मग अंगणातल्या नळावर जाऊन तोंड धुऊन आली आणि पेटी बघायची म्हणाली. मी मणके काढून ओळीने मांडले. तिने सगळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि विचारलं की या कडा ओझ्याने झाल्या का. मी हो म्हटलं. तेव्हा ती रडली, इतकी की बाहेरची मुलं उठून दूर गेली. खाणीत ती कशी पोचली याचा तपास पोलिसांनी आता सुरू केलाय, एवढ्या उशिरा जेवढा होतो तेवढा. पेटीवरची चिठ्ठी मी माझ्या हाताने फाडली आणि नवी लावली, तिच्या नावाची.

रविवारी ती बाई मुलीला घरी नेणार आहे. गल्ली जमणार, भाऊही येणार. मी म्हटलं की नवा अहवाल देते, तो दाखवा सगळ्यांना. ती म्हणाली की कागद आधीही होता, लोक कागद वाचत नाहीत, कुणीतरी साहेबाने सांगितलं एवढंच त्यांना माहीत असतं. मग ज्या साहेबाने माझ्या पोरीला पुरुष म्हटलं त्यानेच येऊन सांगावं की ती कुठे पळाली नव्हती, सगळा वेळ इथे पेटीत होती. मी तिला सांगितलं की त्या कागदामागचं सूत्र आणि खालची सही माझ्या वडिलांची आहे. ती म्हणाली, मग तर बरंच झालं, घेऊन या. तेव्हा बाबा, रविवारी सकाळी मी गाडी घेऊन दारात येते आहे. आंघोळ उरकून, चपला घालून तयार राहा. सूत्राबद्दल तिथे काही बोलायचं नाही, कुणाला ते कळणारही नाही. माझं चुकलं, ही हाडं या बाईच्या मुलीची आहेत, एवढंच म्हणायचं. मी तुमच्या शेजारी उभी असेन. तुम्ही नाही आलात तर एकटी जाईन, आणि त्या गल्लीत सगळ्यांसमोर सांगेन की माझ्या वडिलांचं चुकलं. सांगायला मी कचरणार नाही, तुम्ही मला ओळखता. पण ते वाक्य माझ्या नाही, तुमच्या तोंडून निघावं असं मला फार वाटतं, म्हणून हे पत्र.

तुमचीच,
थोरली